दोन गाण्यांमधलं बोलणं

चातुर्मासात बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुक्कामाला आलेल्या आर्यिका माताजींपुढं सगळ्या बायकांनी नियम घेतले. कुणी चहा सोडला, कुणी वहाण सोडली. नांद्र्याच्या राजमतीनं हात जोडले आणि हळूच म्हणाली, "आत्यांचं रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय अन्नपाणी घेणार नाही. जन्मभर." आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, आदल्या वर्षी वारलेल्या. एखादी विनंती, म्हणजे जिनदेवाच्या आळवणीचं गाणं, असेल असं समजून माताजींनी मोरपिसांची पिच्छी उचलून आशीर्वाद दिला.

रेकॉर्डिंग दीड तासाचं होतं.

आत्या असताना एका दुपारी बस्तीतल्या बायका घरी भजनाला जमल्या होत्या. राजमतीनं मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून तो खिडकीत ठेवला, चहा करायला आत गेली आणि ते बंद करायचं विसरली. त्यामुळं त्यात आत्यांच्या गळ्यातली विनंती होती, पाळणा होता, आरत्या होत्या. शिवाय ठसके, बांगड्या, कुकरच्या शिट्ट्या आणि कुणाच्या जावयाचं कसं बिनसलं याची सविस्तर माहितीही होती. राजमती रोज बस्तीत दर्शन करून यायची, पाटावर बसायची आणि शिट्ट्यांसकट सगळं ऐकायची. मग पाणी.

नवऱ्याला, सुकुमारला, कुणी नियम दिला नव्हता. पण बायको तहानलेली असताना आपण पोहे कसे ओढायचे, म्हणून तोही थांबायचा. दिवाळीपर्यंत त्याला पित्त धरलं. डॉक्टर म्हणाले, सकाळी वेळेवर खा. हे बायकोला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मोबाईल घेऊन तो उंब्रजला जयराजकडं गेला. जयराज त्याचा कॉलेजातला दोस्त. पलटणीतून रिटायर होऊन आता लग्नाकार्यात साउंड लावायचा.

"एवढंच व्हय?" जयराज म्हणाला. "गाणी सुटी करून देतो. वैनीनं पायजे ते लावावं."

गाणी सुटी झाली. प्रत्येकाला नाव मिळालं. विनंती चार मिनिटांत संपली आणि दूधवाला यायच्या आत राजमतीनं पाणी घेतलं. सुकुमारनं दोनदा पोहे घेतले.

दुपारी तिनं एकेक गाणं लावून पाहिलं. पाळणा संपला की आरती यायची. मधलं काही नव्हतं. मूळ रेकॉर्डिंगही मोबाईलवर नव्हतं.

पाळणा आणि आरती यांच्यामध्ये आत्या शेजारणीला म्हणायच्या, "पापडाचं पीठ मळावं ते आमच्या राजमतीनं. माझं बी तसं कवा झालं न्हाई." राजमती तेव्हा आत कपबशा मांडत होती. पुढं आत्या गेल्या आणि मग तिनं ते ऐकलं. इतक्या वर्षांच्या संसारात तोंडावर त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की मीठ कमी पडलंय. रोज दीड तास ती त्या एका वाक्यासाठी बसायची. हे तिनं माताजींना सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नीटसं सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विनंती ऐकून तिनं तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतलं, पाहिलं आणि परत तांब्यात ओतलं.

"आता काय झालं?" सुकुमारनं विचारलं.

"नियम पुरा झाला न्हाई."

"विनंती झाली की!"

"विनंती झाली."

दोघं उंब्रजला निघाली. कराडच्या स्टँडवर सुकुमार जरा पाय मोकळे करतो म्हणून गेला. परत आला तेव्हा मिशीला चहाचा फेस होता. राजमतीनं पदरानं तो पुसला.

जयराजनं पाणी पुढं केलं. तिनं हात जोडले.

"भावजी, मधलं बोलणं कुठाय?"

"ती कटकट व्हय? काढून टाकली की वैनी. गाणी कशी सोच्छ झाली बगा."

"ती पायजे."

जयराजनं सुकुमारकडं पाहिलं. सुकुमारनं छताकडं.

"मोबाईलवरची तर पुसली," जयराज डोकं खाजवत म्हणाला. "थांबा, मूळ फाईल कवा फेकत न्हाई मी. पलटणीची खोड हाय." तो कॉम्प्युटरवर बराच वेळ शोधत राहिला. राजमतीचे ओठ कोरडे पडले होते. शेवटी तो म्हणाला, "घावली! पर दीड तासात कुठं हुडकू?"

"बेडकिहाळच्या काकूंना ठसका लागतो," राजमती म्हणाली. "त्याच्या पुढं शिट्टी. मग बांगड्या. मग..."

"वैनी, पाठ हाय की सगळं!"

ठसका लागला. शिट्टी झाली. बांगड्या वाजल्या. लग्नातल्या मोठ्या स्पीकरमधून आत्यांनी पापडाच्या पिठाबद्दलचं मत सांगितलं. समोरचा पंक्चरवाला मान वर करून बघायला लागला.

सुकुमार बायकोकडं बघत राहिला. मग म्हणाला, "ह्याच्यासाठी व्हय?"

"व्हय," ती म्हणाली आणि पाणी प्यायली.

"हे बी सुटं करतो," जयराज म्हणाला. "नाव काय टाकू? आरतीच्या आधीचं?"

"आरतीत नको. देवाचं देवाला. उद्यापासून विनंती ऐकून पाणी घेईन, नियम तेवढाच. माताजींना सांगून येईन. हे आपलं असंच."

"पापड टाक," सुकुमार म्हणाला.

परतीच्या गाडीत तिनं ते एकदा ऐकलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा लावलं तसा तिकीट फाडता फाडता कंडक्टर थांबला.

"आवं मावशी, कुणाच्या पापडाचं चाललंय मघाधरनं?"

"माझ्या," राजमती म्हणाली. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.