डावरीची तुरपाई

माझ्या नणंदेला परदेशात जाऊन तिथले जुने कपडे विकत घ्यायचा नाद आहे. त्या ब्यूटी पार्लर चालवतात आणि वर्षभर दुसऱ्या बायकांच्या भुवया कोरून जे मागे पडतं त्यातून स्वस्तातलं एक तिकीट काढतात. स्वस्तातलं म्हणजे सीटखाली मावेल तेवढीच पिशवी विमानात न्यायची. त्यामुळे घेतलेला माल अंगावर चढवूनच परत यावं लागतं. मागच्या खेपेला वन्सं दोन स्कर्ट, तीन ब्लाउज आणि वर एक मखमली जाकीट घालून उतरल्या, तेव्हा माझ्या नवऱ्याला वाटलं, ताई तिकडे खाऊन खाऊन सुटली.

यंदा त्यांची नेहमी सोबत येणारी मैत्रीण आजारी पडली म्हणून त्यांनी मला विचारलं आणि मी एका झटक्यात हो म्हणाले. घरात सगळे बघतच राहिले. कपड्यांच्या बाबतीत मी अगदी ढ. ठरलेले चार ड्रेस आलटून पालटून घालते आणि विटले की तसलेच चार आणते.

पण मला कपडे घ्यायचेच नव्हते. मला माझ्या आईचा टाका शोधायचा होता.

आई एक्सपोर्टच्या कारखान्यात होती. तिथे थंड देशांसाठी लोकरीचे कोट शिवत. बाकी सगळं मशीनवर, फक्त खालच्या घेराची तुरपाई हाताने, कारण मशीनचा टाका वरून दिसतो आणि भारी कोटाला तो चालत नाही. आई तुरपाईला होती. ती डावखुरी. तिचं कोपर शेजारणीला लागायचं म्हणून तिला ओळीच्या टोकाला बसवत, आणि कारखान्यात तिचं नावच डावरी पडलं होतं. सगळ्या बायकांचे टाके एका बाजूला कललेले, आईचे दुसऱ्या बाजूला. साहेबाने सुरुवातीला कुरकुर केली म्हणे, पण टाका इतका घट्ट आणि सारखा की पुढे त्यानेही नाद सोडला.

घरी मात्र तिने कधी सुई हातात धरली नाही. "दिवसभर तेच आणि घरी पण तेच? मला माफ करा," म्हणायची. आमचे फ्रॉक दुकानातले, आणि उसवले की सेफ्टी पिन. शाळेच्या फोटोत माझ्या फ्रॉकच्या कडेला पिना चमकताना दिसतात. शिवणारणीची मुलगी म्हणून मैत्रिणी हसायच्या आणि मी त्यांच्याशी कडाकडा भांडायचे.

आई गेली तेव्हा भांडी बहिणीने नेली, साड्या मी ठेवल्या. त्यांना फॉल-पिकोसुद्धा दुसऱ्या बाईने केलेलं. आईच्या हातचं म्हणावं असं घरात काही म्हणजे काही निघालं नाही. जे होतं ते खोक्यांत भरून बोटीने गेलं आणि कुठल्या कुठल्या बायका ते अंगात घालून हिंडल्या. मला त्या बायकांचा हेवा वाटतो. खरं सांगायचं तर रागच येतो. त्यातला एक कोट मला हवा होता. घालायला नाही, तो घालावा अशी थंडी आमच्याकडे पडतच नाही. कपाटात ठेवीन आणि मनात आलं की कड उलटून बघीन, एवढंच.

हे मी वन्संना विमानात सांगितलं. त्या सीटमध्येच वळून माझ्याकडे तोंड करून बसल्या.

"मग आधी बोलायचंत ना, वहिनी," त्या म्हणाल्या. "मी एवढी वर्षं एवढे कोट उलथेपालथे केले. आतून कधी बघितलंच नाही."

"आता बघा."

"आता बघतेच."

आणि त्यांनी बघितलं. सकाळी पाव आणि केळी पिशवीत टाकायची, बसचे पैसे वाचवायला पायी निघायचं आणि जुन्या कपड्यांचं दिसेल ते दुकान पालथं घालायचं. सगळ्या दुकानांना डांबरगोळ्यांचा आणि दुसऱ्याच्या कपाटाचा वास. वन्सं आधी टोप्या घालून आरशासमोर तोंडं वेडावत, मग माझ्याबरोबर कोटांच्या रांगेत शिरत. एक टोक त्यांचं, दुसरं माझं. कोट पुढून बघायचाच नाही, खाली वाकून घेर उलटायचा. दुकानदारांना आम्ही चोर वाटत असणार. एकाने तर जवळ येऊन विचारलं, काय हरवलंय का? वन्संनी हो म्हणून सांगितलं.

उजवे टाके, सगळे उजवे. काही घेर गोंदाने चिकटवलेले. ते बघून माझं डोकं सणकायचं.

शेवटच्या दिवशी एका गल्लीत, चार पायऱ्या उतरून खाली गेल्यावर एक लांबोडकं दुकान लागलं. दिव्याखाली कोट रंगांप्रमाणे लावलेले. मी करड्या रंगापासून सुरुवात केली. दुसऱ्याच कोटाची कड उलटली आणि माझा हात थांबला.

टाके डावीकडे कलले होते. बारीक, घट्ट, एकासारखा एक. मी चष्मा पुसून परत बघितलं. मग त्या कोटाची कड गालाला लावून तिथेच फरशीवर बसले आणि रडले. लाज वगैरे काही वाटली नाही.

"मिळाला?" वन्सं धावत आल्या. त्यांनी बघितलं आणि त्यांचेही डोळे भरले. "अहो, हा काय सुंदर हात आहे तुमच्या आईचा!"

मी मान हलवली. वन्संनी मला पाणी दिलं आणि उत्साहाच्या भरात शेजारचा कोट उलटला.

"वहिनी, हा पण!"

खरंच, तोही डावा. त्याच्या पुढचाही. आईच्या हातची अख्खी खेपच इथे येऊन पडली होती की काय! आम्ही दोघी वेड्यासारख्या कडा उलटत सुटलो, करडे, तपकिरी, काळे. सगळे डावे. मग वन्संनी पलीकडच्या रांगेतला एक रेशमी फ्रॉक उचलला. डावा. एका पुरुषाची पँट. तीही डावी.

आईने जन्मात पँट शिवली नव्हती.

मला कळलं, पण मी ते स्वतःला कळू देत नव्हते. वन्संनी हळूच माझा दंड धरला आणि दुकानाच्या मागच्या टोकाला बघितलं. तिथे खिडकीखाली एक म्हातारी बाई टेबलाशी बसून जुन्या कपड्यांची डागडुजी करत होती. सुई तिच्या डाव्या हातात होती.

आमची भाषा तिला येत नव्हती आणि तिची आम्हाला. दोघींना थोडी थोडी येणारी तिसरी एक भाषा घेऊन मी तिच्यापुढे उभी राहिले.

"हे सगळं तुम्ही शिवलंत?"

"कपडे नाही. कडा," ती म्हणाली. "जुना दोरा कुजतो. मी सगळा काढते, नवीन घालते."

"काढलेल्यात कधी डावे टाके होते?"

तिने खांदे उडवले. "काढताना कोण बघतं?"

"काढलेला दोरा कुठे जातो?"

तिने पायाने टेबलाखालची टोपली पुढे सरकवली. चिंध्या, तुटकी बटणं आणि दोऱ्यांचा गुंता. माझ्या आईचा टाका या दुकानात आला असेलच तर तो असाच कधीतरी कात्रीने कापून या टोपलीत गेला असेल. मला त्या बाईचा इतका राग आला की टोपली लाथाडावीशी वाटली. आणि तिला कशाचाच पत्ता नाही! ती आपली सुईत दोरा ओवत होती.

"चला वहिनी," वन्सं म्हणाल्या. "विमान गाठायचंय."

"तुम्ही व्हा पुढे."

"असं कसं व्हा पुढे?"

मी बाईच्या शेजारचं स्टूल ओढलं आणि बसले. तिने माझ्याकडे बघितलं आणि एक तपकिरी कोट मांडीवर घेतला. त्याचा घेर सुटून लोंबत होता. तिने कड दुमडली, अंगठ्याने दाबली आणि तुरपाईला सुरुवात केली.

एक सांगायचं राहिलं. मी आईला शिवताना कधीच बघितलं नव्हतं. कारखान्यात पोरांना सोडत नसत. आम्ही फाटकाशी थांबायचो आणि ती बाहेर यायची ती डोळे चोळत, बोटं मोडत. आत ती काय करते ते मला माहीत होतं. कसं करते ते माहीत नव्हतं.

बाईचा हात कापडात शिरायचा, किंचित थांबायचा, वर यायचा. दोरा ताणताना करंगळी वेगळी राहायची. दर थोड्या टाक्यांनी ती कड बोटावरून फिरवून बघायची, मनासारखं असलं की ओठ आत घ्यायची. एकदा तिचं कोपर माझ्या बरगडीत चांगलंच बसलं. ती ओशाळून हसली. मी म्हटलं, असू दे, आणि आणखी जवळ सरकले.

असं करत होती तर आई. रोज, सकाळपासून फाटक उघडेपर्यंत, आम्ही बाहेर उभे असताना. मला तिची फार आठवण आली. ती हवी होती मला. कोट नको, टाका नको, ती.

मागे वन्संनी दोनदा घड्याळ बघितलेलं मला जाणवलं. मग त्यांनीही पिशवी खाली ठेवली.

बाई घेराच्या टोकाला आली. गाठ मारली, दोरा तोडला, कोट झटकला आणि माझ्यापुढे धरला.

मी तो घेतला नाही.

"उसव ना," मी म्हणाले. "पुन्हा घाल."

ते माझ्या तोंडून आमच्याच भाषेत निघालं. बाई गोंधळून वन्संकडे बघायला लागली. विमानाच्या वेळेवरून दोन दिवस माझा जीव खाणाऱ्या वन्सं पुढे आल्या, त्यांनी कोटाची कड हातात घेतली आणि दोरा ओढून काढल्याची खूण करून तिला समजावलं.

बाईने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग तिने कात्री उचलली आणि आताच घातलेली स्वतःची तुरपाई टोकापासून कापायला लागली.