पाचव्या रिळातली हातभर फिल्म

मी पाचवं रीळ बोलतोय. नऊ रिळांच्या एका जुन्या चित्रपटातलं. तलवारी, चिलखतं, पुठ्ठ्याचे संगमरवरी खांब, असा सगळा पुरातन काळाचा थाट. पण खरं सांगू? लोक येतात ते माझ्यासाठी. रथांची शर्यत माझ्यात आहे ना!

शर्यतीत नायक रथातून पडतो, मागचा रथ अंगावरून जातो आणि सहाव्या रिळात स्वारी ठणठणीत उभी. पडला तो नायक नव्हताच, त्याचा डुप्लिकेट होता. बिचारा खरोखरच चाकाखाली गेला आणि जागच्या जागी मेला. पडण्याआधी त्याने चुकून मागे वळून पाहिलं होतं, हसला होता. डुप्लिकेटचा चेहरा दिसला म्हणजे शॉट वाया. पण दिग्दर्शक म्हणाला, "असं पडणं पुन्हा मिळायचं नाही. राहू द्या." त्या जागी हटकून शिट्ट्या पडतात. मी फुशारून जायचो.

हल्ली मी एकाच थिएटरात मुक्काम ठोकून आहे. तिथे त्या मेलेल्या डुप्लिकेटची आई येऊ लागली. तिच्याकडे मुलाचा एकही फोटो नव्हता. मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरने तिला आपल्या खोलीत स्टूल दिलं. भिंतीतल्या चौकोनी खिडकीतून ती ते सेकंदभराचं हसू बघायची आणि लगेच डोळे घट्ट मिटायची.

एका दुपारी म्हणाली, "एकदाच थांबव ना रे तिथे. धड बघूही देत नाही हे मेलं मशीन."

"मावशी, थांबवलं तर दिव्याच्या आचेनं फिल्म जळते."

"डोळ्याचं पातं लवेपर्यंत, बस."

ऑपरेटर विरघळला. त्याने मला थांबवलं.

"दाढी केली नव्हती वाटतं," ती म्हणाली. तेवढ्यात त्या हनुवटीवर तपकिरी डाग उठला, पसरला आणि चेहरा फुगून फुटला. खाली प्रेक्षक खो खो हसले.

एक सेकंद म्हणजे माझी हातभर फिल्म. तेवढी जळाली. ऑपरेटरने ती कापून टोकं चिकटवली. संध्याकाळच्या खेळाला रथ आला आणि मुलगा सरळ चाकाखाली. शिट्ट्या पडल्याच. फरक कुणाच्या लक्षातही आला नाही.

खेळ संपल्यावर ऑपरेटरने कात्री उचलली. "मालकांना काय बोलायचं ते बोलू दे. हे पडणंही कापून टाकतो, मावशी."

तिने त्याचा हात धरला. "नको रे. तेवढाच उरलाय."

आता ती डोळे मिटत नाही. रोज तिच्यासमोर मी त्याला मारतो. मला जाळून टाका हो कुणीतरी.