मुरलेली ओळ

त्या दिवशी तात्यांनी शर्टाची बटणं दोनदा चुकवली. छापखान्यात उभा जन्म शिशाचे खिळे जुळवण्यात गेलेला माणूस, आणि बटण काजात जाईना! थोर लेखिकेचं राहतं घर बागेसकट लोकांसाठी खुलं झालं होतं, आणि आत म्हणे बाईंचे कागद मांडले होते.

बसमध्ये त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं. बाईंच्या गाजलेल्या कादंबरीचं शेवटचं वाक्य त्यांनीच जुळवलं होतं: ‘या घरात मुरलेली ओळ पुसता येत नाही.’ पण पुस्तक छापून झाल्यावर त्यांना शंका आली. बाईंच्या अक्षरात ते ‘ओल’ तर नव्हतं? भिंतीतली ओल? प्रूफ तपासून परत आलं तेव्हा तिथे खूण नव्हती, म्हणजे बाईंच्याही नजरेतून सुटलं असणार. नोकरीच्या भीतीने तात्या मूग गिळून बसले. बायको म्हणाली, तीस वर्षं माझ्यापासून लपवलंत, धन्य आहे तुमची.

बागेत शिरतात तर काय, फाटकाजवळच्या दगडावर तेच वाक्य हातभर अक्षरांत कोरलेलं! पोरंटोरं तिथे फोटो काढत होती. तात्यांना आनंदाने उड्या माराव्यात की पळ काढावा, कळेना. ते तरातरा घरात घुसले. स्वयंपाकघर नाही पाहिलं, पलंग नाही पाहिला, थेट लिहिण्याची खोली.

काचेखाली हस्तलिखिताचं शेवटचं पान होतं. ‘ओल’. स्वच्छ, ढळढळीत ‘ओल’. तात्या बाकावर जाऊन बसले. आता हे जगजाहीर होणार, अब्रूचे धिंडवडे निघणार, दगड फोडावा लागणार.

बायको मात्र काचेवर वाकलेलीच होती. शेजारी बाईंनी स्वतःजवळ ठेवलेली प्रुफाची प्रत होती, समासात पेन्सिलीने काहीतरी खरडलेलं. तिने डोळे बारीक करून वाचलं.

“मी ‘ओल’ लिहिलं होतं. जुळाऱ्याने ‘ओळ’ केलं. राहू दे. हे मला सुचायला हवं होतं.”

तात्यांनी तिला तीनदा वाचायला लावलं. मागे रांग खोळंबली. पहारेकरी म्हणाला, आजोबा, पुढे व्हा. तात्या उठले, रांगेतल्या पहिल्याच अनोळखी माणसाचा हात धरून त्याला काचेपाशी ओढलं आणि समासावर बोट ठेवलं.

“हा जुळारी आहे ना,” ते म्हणाले, “तो मी.”