उसनं नेट

काकांचा फोन आला तेव्हा मशीनवाली काम संपवून घरी जाणाऱ्या बसमध्ये चढत होती. एका खांद्याला कपड्यांची पिशवी, दुसऱ्या खांद्याला सुया, बॉबिनी आणि पेचकसांनी भरलेली कंपनीची बॅग, आणि मागून कंडक्टरची कटकट. शिवणयंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत ती नोकरीला होती. कुणी भरतकामाचं मोठं यंत्र घेतलं की चार दिवस तिथं राहून ते चालवायला शिकवायचं, हे तिचं काम. म्हणून सगळेच तिला मशीनवाली म्हणत. तीही 'ओ' देई, रागवायची नाही.

"अगं, वहिनीला दवाखान्यात आणलंय," काका म्हणाले. "सकाळपासून पोटात कळा. आतड्याला पीळ पडलाय म्हणे, लगेच ऑपरेशन करायचंय. पण ती कुणाला हात लावू देईना! सुई घेऊन आलेल्या नर्सला ढकललं. आता मी काय समजावू तिला, माझं कपाळ?"

काकांचा दोष नव्हता. मशीनवालीची आई जन्मापासून ठार बहिरी. बहिऱ्या मुलांच्या शाळेत तिला कुणी घातलं नाही, त्यामुळे तिथं शिकवतात ती हातांची भाषाही तिला आली नाही. तिची भाषा घरच्या घरी तयार झालेली. भाजी निवडताना, भांडण करताना, नवऱ्याशी रुसताना एकेक खूण जुळत गेली होती. ती भाषा येणारी माणसं होतीच दोन, नवरा आणि मुलगी. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. म्हणजे आता आख्ख्या जगात त्या बाईशी बोलू शकेल असं माणूस एकच, आणि ते पिशव्या सांभाळत बसच्या पायरीवर उभं होतं. घरात वरच्या मजल्यावर राहणारे काका तीस वर्षांत चहा आणि जेवण एवढ्या दोन खुणा शिकले होते. भूक लागली की माणूस शिकतो, दुसरं काय!

काकांनी फोन डॉक्टरांच्या हातात दिला. डॉक्टरीणबाई घाईत होत्या, पण सरळ बोलल्या. "तासाभरात आत घेतलं तर घाबरायचं कारण नाही. पण आतडं काळं पडायला लागलं की माझ्या हातात काही राहणार नाही. त्या झटापट करत असताना मी भूल देऊ शकत नाही. तुम्ही त्यांना तयार करा."

"व्हिडिओ लावायला सांगा काकांना," मशीनवाली म्हणाली. "मी सांगते तिला. माझं ऐकेल ती."

काका दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर होते. वर जाऊन पाच मिनिटांत लावतो म्हणाले. पण त्या पाच मिनिटांत बस गाव सोडून डोंगराच्या रस्त्याला लागली आणि मशीनवालीच्या फोनवरची रेंज एकेक काडी करत पार गेली. तिनं फोन खिडकीबाहेर धरला, डोक्यावर धरला, बंद करून चालू केला. त्या फोनला दयामाया नव्हती. पुढचा दीड तास असाच रस्ता, हे तिला ठाऊक होतं. या वाटेनं ती कितीदा तरी गेली होती, आणि दर वेळी इथं मस्त डुलकी काढली होती.

घर चार तासांवर, आणि आईकडे होता एक तास.

शेजारच्या सीटवर एक बाई फोनवर मालिका बघत होत्या. पोस्टातल्या होत्या, मांडीवर टपालाची खाकी थैली होती. त्यांच्या फोनवर चित्र कसं छान हलत होतं! मशीनवाली बघतच राहिली.

"तुमच्याकडे येतंय नेट?"

"माझ्या कंपनीचा टॉवर आहे ना त्या टेकडीवर. तुमची कंपनी कुठली?... मग नाहीच यायचं. का हो?"

मशीनवालीनं सांगितलं. पोस्टाच्या बाईंनी अर्ध्यावरच मालिका बंद केली. "अहो, मग विचारत काय बसलात! हा घ्या, हॉटस्पॉट चालू केला. नाव शोधा."

फोनवर नाव आलं, 'मागू नका'.

"ते माझ्या नवऱ्यासाठी आहे," बाई ओशाळून म्हणाल्या. "तुम्ही मागा. खुशाल मागा."

अशातही मशीनवालीला हसू आलं. तिनं व्हिडिओ लावला. दुसऱ्या रिंगला काकांचं नाक दिसलं, मग दवाखान्याचं छत, आणि मग आईचा चेहरा, पडदाभर. घामानं केस कपाळाला चिकटलेले, डोळे भेदरलेले. मुलगी दिसली तशी आईचा चेहरा एकदम सैल पडला आणि ती बोलायला लागली. म्हणजे तिचे खांदे हलायला लागले. हात पडद्याबाहेर.

"काका, हात दाखवा! हात!"

"चेहरा दिसतोय ना नीट?"

"चेहऱ्याचं काय लोणचं घालू? हात दाखवा तिचे! मागे सरका. अजून मागे. भिंतीला टेका पाहिजे तर!"

काका भिंतीला टेकले आणि आईचे हात दिसायला लागले. मशीनवालीनं आपला फोन पोस्टाच्या बाईंच्या हातात दिला, कारण तिलाही बोलायला दोन्ही हात लागत. बाईंनी एका हातात स्वतःचा आणि दुसऱ्या हातात तिचा असे दोन फोन धरले आणि वळणावळणाला कोपर खिडकीला टेकवून तोल सांभाळला. पुढच्या बाकावरची माणसं माना वळवून बघायला लागली.

मग मायलेकी बोलल्या. पोटात दोरीला गाठ बसलीय, मुलीनं सांगितलं. तुला झोपवतील, गाठ सोडवतील, पोट शिवतील. मी शिवते तसंच, बारीक टाक्यांनी. उठशील तेव्हा मी समोर असेन. आईनं विचारलं, दुखेल? मुलीनं सांगितलं, झोपेत नाही, नंतर थोडं. आईनं विचारलं, ही नर्स चांगली आहे का, हिचा चेहरा मारकुटा आहे. मुलगी म्हणाली, चेहरा तसा आहे, हात चांगला आहे. आईनं नर्सकडे नीट निरखून बघितलं, मग मोठा श्वास सोडला आणि हात छातीवर ठेवून मान हलवली. तयार आहे म्हणाली. काकांच्या मागून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "छान, छान. ट्रॉली आणा."

बस थांबली.

"माझं गाव आलं हो," पोस्टाच्या बाई कळवळून म्हणाल्या. "आज टपाल वाटायचंय. झालं का तुमचं?"

"झालंच, दोन मिनिटं..."

कंडक्टरनं घंटी वाजवली. बाईंनी मशीनवालीचा फोन तिच्या हातात दिला, थैली उचलली आणि खाली उतरल्या. पण गेल्या नाहीत. बसला वळसा घालून खिडकीखाली आल्या आणि स्वतःचा फोन दोन्ही हातांनी वर, काचेला लावून उभ्या राहिल्या. "बोला, बोला! मी आहे!"

पडद्यावर आई पुन्हा काहीतरी विचारत होती. मुलीकडे बोट केलं. मग तळहातावरून दोन बोटं चालवली, वाट. पुढं अजून काही होतं. पण बस हलली. पोस्टाच्या बाई फोन उंच धरून बसबरोबर धावायला लागल्या, थैली मांडीवर आपटतेय, पदराची शुद्ध नाही, रस्त्यावरचे लोक बघताहेत. आठ-दहा पावलं धावल्या बिचाऱ्या. चित्राचे चौकोन चौकोन झाले, आईचे हात चौकोनांत विरघळले आणि फक्त तिचा चेहरा राहिला, वाट बघणारा, प्रश्न विचारलेला.

मी, वाट. मशीनवालीला वाटलं, वाटेत आहेस ना, असं विचारतेय. आता काय विचारतेस म्हणून कुठं खोदत बसायचं? तिनं मान जोरजोरात हलवली. उजवी मूठही दोनदा हलवली. हो, हो. आईच्या चौकोनी चेहऱ्यावर हसू पसरलेलं तिला दिसलं, आणि चित्र गेलं.

मागं रस्त्यावर पोस्टाच्या बाई कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभ्या होत्या. मशीनवालीनं खिडकीतून त्यांना हात जोडले. आभार मानायलाही नेट नव्हतं.

मग मात्र जीव भांड्यात पडला. आई हो म्हणाली होती, हसली होती. पुढच्या बाकावरच्या एका म्हातारबुवांनी पाण्याची बाटली पुढं केली, ती घटाघटा प्याली. डोंगर संपून रेंज आली तेव्हा तिनं काकांना फोन लावला, तो बंद. आत नेलं असेल, तिथं फोन बंद करायला लावतात, ती मनाशी म्हणाली. पुन्हा लावला, तरी बंद. चांगलंच आहे, म्हणजे चालू असणार ऑपरेशन. ती खिडकीला डोकं टेकून चक्क झोपली. या झोपेसाठी तिनं पुढं स्वतःला किती शिव्या दिल्या, त्याचा हिशोब नाही.

दवाखान्यात पोचली तर काका बाकड्यावर डोकं धरून बसलेले.

"किती वेळ झाला आत नेऊन?"

"अर्धा तास."

"अर्धा?" मशीनवालीनं बॅग तिथंच टाकली. "काका, मी बोलून तीन तास झाले!"

"अगं, तेच तर मला कळेना! तुझ्याशी बोलली आणि कशी शांत झाली. सुई टोचू दिली, नर्सचा हात धरला. आणि ट्रॉली आली तर खाटेची दांडी धरून बसली! आरडाओरडा नाही, काही नाही. हसून नको म्हणायची. कळ आली की ओठ चावायची, पण दांडी सोडेना. डॉक्टर तीनदा येऊन गेल्या, शुद्धीत असून नको म्हणतेय तोवर जबरदस्तीनं नेता येत नाही म्हणाल्या. तुला लावावा फोन, तर माझी बॅटरी संपलेली. तुझा नंबर त्या फोनातच, मला कुठला पाठ असायला! चार्जरसाठी दवाखानाभर फिरलो गं. शेवटी तिची शुद्ध हरपली, तेव्हा उचलून नेलं."

मशीनवाली ऑपरेशनच्या खोलीच्या दारासमोर उभी राहिली, आणि उभीच राहिली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांना फार बोलावं लागलं नाही. उशीर झाला होता, विष अंगभर पसरलं होतं, हृदयानं साथ सोडली. "सकाळी तयार झाल्या होत्या हो," त्या म्हणाल्या. "एवढं सोसून कशासाठी अडून बसल्या, कुणास ठाऊक."

काका ओक्साबोक्शी रडायला लागले. "माझ्या या मेल्या फोनमुळं झालं! तू असतीस तर विचारलं असतंस. आम्ही सगळे दगड. ट्रॉलीवाला आला की त्याला, नर्स आली की तिला, एकच करून दाखवायची, हे असं." काकांनी रडता रडता आपल्या जाड हातांनी करून दाखवलं. दाराकडे बोट केलं, तळहातावरून दोन बोटं चालवली, आणि मग डावा पंजा उलटा ठेवून त्यावर उजवी मूठ अलगद बसवली. "शंभर वेळा केलं असेल. काय म्हणत होती गं?"

मशीनवालीनं काकांचे दोन्ही हात धरले आणि खाली केले. ते हात पुन्हा वर व्हायला नको होते.

"फोनमुळं नाही, काका," ती म्हणाली. "तू येईपर्यंत थांबू का, असं विचारलं होतं तिनं मला. आणि मी हो म्हणाले."