टायमिंगचा दिवा आणि सरकलेली खूण

मित्रांनो, माझा आकार पाहून खेळण्यातले पिस्तूल समजू नका. मी एक जुना टायमिंगचा दिवा आहे. गॅरेजात माझा रुबाब काही औरच होता!

इंजिनात ठिणगी नेमक्या क्षणी पडावी लागते, यालाच टायमिंग म्हणतात. माझा चिमटा ठिणगीच्या तारेला लावला की प्रत्येक ठिणगीबरोबर मी लुकलुकतो. माझ्या उजेडात इंजिनाच्या टोकाला गरगर फिरणारी पुली थांबल्यासारखी दिसते आणि तिच्यावरची पांढरी खूण शेजारच्या पट्टीवरच्या कोणत्या आकड्यासमोर आहे, म्हणजेच ठिणगी केव्हा पडते, ते कळते. टर्बोच्या गाडीत तर हे काम डोळ्यांत तेल घालून करावे लागते. टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. तेव्हा ठिणगी लवकर पडली, तर इंजिन खडखडते आणि पिस्टन फुटूही शकतो.

आमच्या मिस्त्रींच्या लेकीने एक जुनी टर्बो गाडी दोन वर्षे खपून उभी केली. रविवारी घाटातली शर्यत होती. मिस्त्रींनी माझ्या उजेडात टायमिंग लावले, पण चाचणीत चढावर इंजिन खडखडलेच. पुन्हा लावले, पुन्हा तेच.

"हा दिवा कामातून गेलाय," मिस्त्री म्हणाले. "भंगारात टाक त्याला. आणि शर्यतीचं नाव काढू नकोस. पिस्टन फुटला तर दोन वर्षं पाण्यात जातील."

मला फार वाईट वाटले. वीस वर्षांची इमानदारी एका वाक्यात संपली होती.

लेक मात्र हट्टी. "बाबा, दिव्याचं नंतर बघू. ती खूण बरोबर आहे का?"

"अगं, मीच तर रंगवलीय ती!"

खरेच, खूण मिस्त्रींच्या हातची, म्हणून तिच्यावर कुणी शंकाच घेतली नव्हती. लेकीने ठिणगी पाडणारा पहिला प्लग काढला, भोकात बारीक काडी सोडली आणि पान्याने इंजिन हळूहळू फिरवले. काडी सगळ्यांत वर आली, म्हणजे पिस्टन माथ्यावर आला. आता खूण शून्यासमोर हवी होती. ती चांगली बोटभर लांब होती! पुलीच्या आतले रबर सैल होऊन बाहेरचे कडे खुणेसकट सरकले होते.

मिस्त्री डोके खाजवत म्हणाले, "म्हणजे मी सरकलेलीच खूण रंगवली होय!" मग स्वतःच इतके हसले की लेकीलाही हसू आवरेना.

नवी पुली बसली. मी पुन्हा लुकलुकलो आणि टायमिंग नव्याने लागले. या वेळी गाडी चढावर सुसाट गेली, कुठे खडखड नाही.

रविवारी मिस्त्री मला मुद्दाम खिशात घालून घाटात घेऊन गेले. लेकीचा नंबर पाचवा आला. मिस्त्री मात्र पहिला आल्यासारखे नाचले, आणि त्यांच्या खिशात मीही.

मित्रांनो, आम्हा जुन्या अवजारांना टाकून देण्याआधी एकदा नीट तपासून पाहा. आमची काच पुसा, तारा जपा. मिस्त्री आता रोज सकाळी माझी काच सदऱ्याच्या टोकाने पुसतात आणि हळूच म्हणतात, "चुकलं बाबा माझं."