ओळीचं उजवं टोक

सावनी डोळ्यांची डॉक्टर, पण औरंगपुऱ्यातल्या घरी आजोबांना पेपर वाचताना पाहून तीच चक्रावली. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे अनंतराव प्रत्येक ओळीला आधी उजव्या टोकाकडे नजर टाकत, तिथून झटक्यात डावीकडे येत आणि मगच वाचू लागत. मेंदूत काही बिघडलं असेल का? तिनं समोर बोट फिरवून, टॉर्च मारून सगळं तपासलं. डोळे ठणठणीत होते.

“आजोबा, ओळ डावीकडून सुरू होते. तुम्ही आधी उजवीकडं काय शोधता?”

“सुरुवात!” ते खेकसले. “चौथीपर्यंत आमची शाळा उर्दूत होती. मग निजामाचं राज्य गेलं, पुस्तकं मराठी झाली. डोळ्यांना मात्र कुणी कळवलंच नाही.”