अ‍ॅनिमोनी आजारी पडली तेव्हा

आखातातून परत येणारी माणसं अत्तर आणतात, दुधाची पावडर आणतात, फुलाफुलांच्या जाड चादरी आणतात. माझा नवरा मुराद दोह्याहून आला तो डोक्यात एक वेड घेऊन. तिथे हॉटेलात कामाला होता. हॉटेलच्या दारातच भिंतीएवढी माशांची पेटी, आणि ती सांभाळायचं काम ह्याचं. इतकी वर्षं आम्हाला फोनवर पैसे पोचले का विचारायचा आणि मग अर्धा तास त्या पेटीतल्या माशांची खुशाली सांगायचा. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

आमचं घर रोह्याच्या पुढे, खाडीला लागून. खारं पाणी दारात फुकट. आणि हा माणूस पाकिटातलं मीठ विकत आणून बादलीत समुद्र बनवायला बसला! खाडीचं पाणी गढूळ, ते चालत नाय म्हणे. शेजारच्या गिरजाबाईची सगळी हयात मिठागरात गेली. ती उंबऱ्यावर बसून बघत राहिली.

"नूर गो," ती म्हणाली, "पान्यातना मीठ काढता काढता आमची हाडा झिजली, आनि तुजा नवरा परत पान्यात मीठ घालतोय. ह्याला कुनी सांगा गो."

मग एक दिवस मुंबईला जाऊन हा अ‍ॅनिमोनी घेऊन आला. वडखळला गाडी अडकली, पिशवीला ऊन लागायला लागलं, तर ह्याने अंगातला शर्ट काढून तिला गुंडाळला आणि बनियनवर घरी आला. मला वाटलं वाटेत कुणी लुटला.

अ‍ॅनिमोनी म्हणजे दिसायला फूल, पण हाय जनावर. समुद्रात दगडाला चिकटून बसते. बोटाबोटासारख्या पाकळ्या, टोकाला फुगलेल्या, आणि मधोमध तोंड. त्याच तोंडाने खाते आणि त्याच तोंडाने घाणही टाकते. हे ऐकून माझी सासू, जिला आम्ही मा म्हणतो, शांतपणे म्हणाली, "अशी मानसा आपल्या जमातीत पन हायत."

आता ह्या बाईचे लाड ऐका. लाईट गेली की आमचा पंखा बंद, तिला इन्व्हर्टर. आम्हाला बोंबील, तिला कोळंबी. ती पण बारीक कापून, चिमट्याने भरवायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी कुणी घास भरवला नाय. मी भांडी आपटायची, हा काचेला नाक लावून बसायचा.

पण खरं सांगते, मनातून मला ती जगायला हवी होती. कारण मुरादने ठरवलं होतं, "एकीच्या दोन झाल्या ना नूर, की मग दोनाच्या चार, चाराच्या आठ. मुंबईची दुकानं घ्यायला तयार हायत. मग मी कशाला जातोय परत? नाय झाल्या तर मात्र महिनाअखेरीला हॉटेलवाल्याला व्हय म्हणून सांगतो." हॉटेलवाला दर दोन दिवसांनी फोन करत होता. मला माझा माणूस घरात हवा होता. नाक काचेला लावलेला का असेना, घरात हवा होता. पण तोंडाने बोलेन तर मी कसली!

एकीच्या दोन करायची रीत सोपी. धारदार ब्लेड घ्यायचं, तोंडाच्या मधोमध एक काप द्यायचा, दोन्ही अर्धुकं पाण्यात सोडायची. जखम भरून दोन पुऱ्या अ‍ॅनिमोन्या होतात. मुरादने नवंकोरं ब्लेड आणलं. रोज ते काढायचा, पुसायचा, अ‍ॅनिमोनीकडे बघायचा आणि परत ठेवून द्यायचा. बकरीदला बकऱ्याचे पाय धरायला सांगितले तर डोळे मिटून धरणारा हा गडी.

"नूर, ती बघते गो माझ्याकडे."

"तिला डोळे नायत!"

"तरीपन."

अशात बातमी मोहल्ल्यात फुटली, आणि माणसं बघायला यायला लागली. आता आमच्यात पाव्हण्याला काही खायला घातल्याशिवाय सोडत नाय, आणि पाव्हणाही रिकाम्या हाताने येत नाय. जो येईल तो अ‍ॅनिमोनीसाठी काहीतरी घेऊन येई. कुणी जवळा, कुणी सुरमईचा तुकडा. माझी नणंद सफा पेणहून आली ती पापलेटचं काळीज घेऊन. मुराद पाठ वळवी तेवढ्यात पेटीत टाकून मोकळे. "खा गो बाय, लाजू नको."

व्हायचं तेच झालं. एका सकाळी बघतो तर अ‍ॅनिमोनी सुकलेल्या आंब्याच्या कोयीएवढी झालेली. पाकळ्या आत, तोंड उघडं. मुरादने डोक्याला हात लावला. त्याने पेटी उपसली, कुजलेला माल काढला, पाणी बदललं, आणि सगळ्यांना बजावलं की आता हिला कुणी काही खायला घालायचं नाय.

पण आजारी आहे म्हटल्यावर तर माणसं दुप्पट यायला लागली! विचारपूस करायला नको? शहाळी आली, ग्लुकोजचे पुडे आले. गिरजाबाईने मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. मी सगळ्यांना चहा देऊन देऊन दमले, आणि मुराद खुर्चीत बसून "आता बरी हाय, जरा हलली सकाळी" असं सांगत होता. कुणाची आई दवाखान्यात असल्यासारखं वातावरण.

दोन-तीन दिवसांनी त्याने पाण्यातलं मीठ मोजायची नळी घातली आणि ओरडला, "पाणी गोडं कसं झालं? आणि एवढं वर कसं आलं? कोणी घातलं ह्यात पाणी?"

सफा पंख्याकडे बघत होती. मी ओढणीचं टोक पिळत होते. गिरजाबाईला एकदम घरची आठवण झाली आणि ती उठायला लागली.

"बसा!" मुराद म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्या माणसाचा आवाज चढलेला ऐकला.

तेवढ्यात माझी नजर पेटीत गेली, आणि मी किंचाळले. अ‍ॅनिमोनी दोन्ही बाजूंनी ताणलेली. अर्धी ह्या दगडाकडे, अर्धी त्या दगडाकडे. सेलमध्ये दोन बाया एकाच साडीला दोन टोकांनी धरतात ना, तशी. आम्ही सगळे काचेला नाकं लावून बसलो. चहा गार झाला, भात करपला, कुणी उठलं नाय. दुपारच्या अजानपर्यंत मधला धागा तुटला, आणि दोन अ‍ॅनिमोन्या दोन दगडांवर बसल्या. ब्लेड पाकिटातच.

मुराद खाली फरशीवर बसला. "घाबरली की फुटते ती," तो म्हणाला, "पाणी एकदम बदललं की जीव वाचवायला दोन होते. पण घातलं कोणी ते तरी सांगा. आता नाय रागवत."

सफाने नाक ओढलं. "भाई, मी. सासरची मक्केहून उमरा करून आली, त्यांनी झमझमच्या पवित्र पाण्याचा कॅन दिला होता. म्हटलं बरी होईल. तांब्याभरच घातलं. दोन तांबे."

"मी पन," मी म्हणाले. आपल्या घरच्या कॅनमधलं, निम्मं. मनात दुआ काय मागितली ते सांगितलं नाय. लाज वाटली.

गिरजाबाई म्हणाली, "माज्या सुनंच्या बाळंतपनाला नूरनंच बाटली दिलेली, ती उरलेली. तुमचंच पानी बाबा, मी निस्तं परत केलं."

आम्ही हसत सुटलो. मुराद तर डोळे पुसत होता. हिशेब केला तरी पेटी एवढी भरायला अजून एखादी बाटली पाहिजे होती. आम्ही सगळ्यांनी एकदम माच्या तोंडाकडे बघितलं. मा आपली तसबीहची माळ ओढत होती.

"मा? तू पन?"

"मग काय, मीच तेवढी वंगाळ?" मा म्हणाली. "कपाटातली घातली. सगळी."

मुरादचं हसू थांबलं. कपाटातली बाटली म्हणजे मा हज करून आली तेव्हापासून तिने कफनाच्या कापडासोबत जपून ठेवलेली. शेवटच्या घडीला तोंडात दोन थेंब घालायला. त्या बाटलीला घरात कुणी हात लावायचा नाय. मला एकदा ताप चढला होता तेव्हासुद्धा तिने ती दिली नव्हती.

"मा, ती कशाला घातलीस गो? ती तर तुझ्या..."

"व्हय, माज्या तोंडात घालायची." मा तसबीह मांडीवर ठेवून म्हणाली, "पानी कपाटात, नि घालनारा दोह्यात. मग त्या पान्याचा काय उपेग रे?"

मुराद मान खाली घालून बसला, मग माच्या गुडघ्यावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. मीही रडले, लपवलं नाय. गिरजाबाई तर आमच्या दोघांपेक्षा मोठ्याने रडली.

संध्याकाळी हॉटेलवाल्याचा फोन आला. मुराद त्याला म्हणाला, "नाय जमणार शेठ, घरात दोन पेशंट हायत." पंधरा दिवस तरी जपायला लागणार होतं त्या दोघींना, जगतात की मरतात ते कळायला. पण त्याने वाट बघितली नाय, फोन ठेवून दिला.

मग माच्या बाजूला वळून म्हणाला, "मा, तुला नवी बाटली आणून देतो."

"मागवून दे," मा म्हणाली. "आनायला जायचं नाय."